पन्हा पाहून कात्री

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पत्रा कापता कापता माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. इलेक्ट्रिकल पॅनेलचे डबे बनवणारा कारखाना. १२५० बाय २५०० मिलिमीटरचा कोरा पत्रा यायचा आणि त्यातून किती दारं, किती झाकणं, किती बाजू निघतील ते बसवायचं काम माझ्याकडे. पुढे त्यासाठी संगणक आला. त्याआधी आम्ही पुठ्ठ्याचे छोटे नमुने कापून कागदावर सरकवत बसायचो. दोन दारांच्या मधे चार बोटं जागा उरली तर तिथे दुसऱ्या ऑर्डरचं ब्रॅकेट घुसवायचं, ब्रॅकेटच्या बाजूला वॉशर. महिनाअखेरीला भंगाराचं वजन व्हायचं, आणलेल्या पत्र्याशी त्याचं प्रमाण काढलं जायचं, आणि तो आकडा फुगला की साहेबांचं बोलावणं यायचं. पगारवाढीच्या दिवशीसुद्धा तोच आकडा टेबलावर. त्यामुळे निवृत्त झाल्यावर आईची जुनी पायमशीन तेलपाणी करून चालू केली आणि शिवण शिकायला घेतलं, तेव्हा माझी नजर कापडाच्या आधी भंगारावर गेली यात नवल नाही.

शिकलो जांभळी नाक्याजवळच्या एका टेलरकडे. मास्टर साधारण माझ्याच वयाचे. निवृत्त माणूस वेळ घालवायला येतोय असं त्यांना वाटलं, आणि ते खोटं नव्हतं. त्यांच्या कटिंगच्या टेबलाखाली कातरणांचा ढीग असायचा, संध्याकाळी पोऱ्या तो गोणीत भरायचा. एकदा मी विचारलं, "मास्टर, ह्याचं वजन करता का कधी?"

"साहेब, कापड गिऱ्हाइकाचं. मग कातरण पण त्याचंच. मी कशाला वजन करू?"

"मग त्याला परत देता?"

"मागितलं तर देतो ना."

मागतं कोण? शिलाईवरून घासाघीस करणारा माणूस उरलेल्या कापडाबद्दल मात्र कधी विचारत नाही. पत्र्याच्या भंगाराला मालक होता, म्हणून त्याची वही होती. कातरण गिऱ्हाइकाच्याही हिशेबात नाही, टेलरच्याही नाही. तयार कपड्यांच्या कारखान्यांत निदान ते मोजलं तरी जातं. तिथे कापडाचे थरावर थर टाकून, संगणकावर तुकडे बसवून कापतात, तरीही साधारण १५ टक्के कापड टेबलावरून थेट कचऱ्यात जातं, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. एकटा शर्ट कापणाऱ्या टेलरकडे हे प्रमाण त्याहून बरं असण्याचं काही कारण दिसत नाही.

मास्टरांनी पहिला धडा दिला ब्लाउजचा. खाकी कागदावर ड्राफ्टिंग, छाती भागिले चार, मुंढा (बाही जोडायची जागा), गळा, टक्स. कागदाचे तुकडे कापडावर ठेवले आणि मी सवयीने ते सरकवायला लागलो. पॅनेलचं दार चौकोनी असतं, म्हणून दोन दारं एकमेकांना खेटून बसतात. इथे वाटतं की मुंढ्याचा खोलगट बाक आणि बाहीच्या माथ्याचा फुगीर बाक एकमेकांत बसतील, पण दोन्हींचा आकार वेगळा, त्यामुळे मधे एक वाकडा तुकडा उरतोच. गळ्याचा उरतो, कमरेच्या उताराचा उरतो. सगळ्यात खर्चिक अंब्रेला घेर, म्हणजे पूर्ण गोल कापलेला. चौकोनातून मोठ्यात मोठं वर्तुळ कापलं तरी त्या चौकोनाचं सुमारे ७८.५ टक्के क्षेत्रफळ हाती लागतं. बाकीचं साडेएकवीस टक्के चार कोपऱ्यांत जातं, शिवाय कमरेसाठी मधे पाडलेलं भोक वेगळं. नववी-दहावीचं गणित आहे हे, पण लग्नाच्या घागऱ्याला बारा मीटर कापड घेताना कोणाला आठवतं!

पत्र्याच्या बाबतीत मनाला एक समाधान असतं. भंगार भट्टीत जातं, वितळतं, पुन्हा पत्रा होऊन येतं. कापडाला ती सोय नाही. सुती कातरण पिंजून त्याचं पुन्हा सूत काढता येतं, पानिपतला जुन्या कापडापासून सूत काढण्याचा मोठा धंदाच आहे, पण पिंजताना तंतू तुटून आखूड होतात आणि आखूड तंतूचं सूत जाडंभरडं निघतं. त्यातून हल्ली बहुतेक कापडात पॉलिएस्टर मिसळलेलं असतं, ते कापसापासून वेगळं काढणं आणखी अवघड. आमच्या कारखान्यात मशीन पुसायला कॉटन वेस्ट आणि बनियनच्या चिंध्या किलोवर यायच्या. कधी त्यात एखाद्या फ्रॉकची फुलाफुलांची पट्टी निघायची. कुठल्या तरी शिलाई कारखान्यातली ती कातरणं आमच्या लेथवरचं ग्रीस पुसून पिंपात जायची, आणि तिथून पुढे त्यांचं काही होण्यासारखं नव्हतं.

आता एक कटू मत. झीरो वेस्ट, म्हणजे कचरा न पाडणारं, शिवण म्हटलं की लोक लगेच कातरणांचे बटवे शिवायला घेतात. आमच्या सोसायटीत गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून घरोघर असे बटवे आले. पुढच्या वर्षी मोबाईलचे पाउच येतील. कल्पक असतात, रंग छान जुळवलेले असतात, त्यावर मेहनत असते. पण घरातल्या कुठल्याही बाईला विचारा, तिला आणखी एक बटवा हवा होता का? कातरण आधी पाडायचं आणि मग त्याला काम शोधायचं, यात कचरा थांबत नाही, तो चेन लावून कपाटात जातो. आमच्याकडे साहेब म्हणायचे की भंगारातून पेपरवेट बनवणाऱ्याला शाबासकी नाही, भंगार न पाडणाऱ्याला आहे. (पेपरवेट मात्र त्यांच्या टेबलावर होता.) कचरा किती होणार ते कात्री हातात घ्यायच्या आधी, कागदावरच ठरतं.

आणि ते ठरवण्याची रीत आपल्याकडे होती. आजोबांची पैरण माझ्या चांगली लक्षात आहे. खांद्यावर शिवणच नाही, कापड दुमडून पुढचा-मागचा भाग एकाच पट्टीचा. बाह्या सरळ चौकोनी. काखेत छोटा चौकोनी तुकडा तिरका बसवलेला, म्हणून हात वर केला तरी पैरण ताणायची नाही. गोल कापलेला भाग असा तिच्यात जवळजवळ नव्हताच. बाळाची कुंची तर याहून सोपी: एक लांबट चौकोन दुमडायचा, डोक्यापाशी एक बाजू शिवायची, मानेशी चुण्या घालून नाडी लावायची. झबलं तसंच. एखादं जुनं धुवट पातळ काढून आईने अख्खा बाळंतविडा बेतलेला मी पाहिला आहे आणि तिच्या मशीनपाशी चिंधी म्हणून काही उरत नसे. लंगोट आणि दुपट्याच्या अस्तरात सगळं संपायचं.

पण माझ्यातल्या पत्रेवाल्याला ज्याने खरं वेड लावलं ती म्हणजे परकराची कळी. वर कंबर बारीक, खाली घेर मोठा, म्हणजे तुकडा वर अरुंद, खाली रुंद हवा. असा प्रत्येक तुकडा सुटा कापला तर बाजूचे दोन्ही त्रिकोण फुकट जातात. आईची पिढी काय करायची? अकरा इंच रुंदीची सरळ पट्टी घ्यायची. वरच्या कडेवर डावीकडून दोन इंचांवर खूण, खालच्या कडेवर डावीकडून नऊ इंचांवर खूण, आणि दोन्ही खुणा जोडून एकच तिरकी कात्री. दोन कळ्या पडल्या. एक सुलटी, एक उलटी. उलटी फिरवून ठेवली की दोन्ही अगदी सारख्या, वर दोन, खाली नऊ, आणि टेबलावर काहीही उरलेलं नाही. आमच्या संगणकाला हा बेत सुचायला तुकडा एकशे ऐंशी अंशात फिरवायची परवानगी द्यावी लागायची. कळव्याच्या चाळीत सहावी-सातवी शिकलेल्या बायका तो डोळ्यांनी करायच्या.

ही हुशारी काही आपलीच नाही. जपानी किमोनो सुमारे ३६ सेंटिमीटर पन्ह्याच्या (म्हणजे रुंदीच्या) आणि बारा मीटरच्या आसपास लांबीच्या एका ताग्यातून निघतो. आठ सरळ तुकडे: दोन अंगाचे, दोन बाह्यांचे, दोन पुढच्या पाळ्यांचे, एक गळपट्टी आणि तिच्यावरची एक पट्टी. एवढा अरुंद पन्हा का, तर माग अरुंद. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलायचा, तर कापडाची रुंदी विणकराच्या हातांच्या पोहोचीपुरतीच. १७३३ मध्ये इंग्लंडात जॉन केने दोरीने पळणाऱ्या धोट्याचं पेटंट घेतलं, तेव्हा एकट्या विणकराला रुंद कापड विणता यायला लागलं. त्याआधी जगभर कपड्याचा बेत मागावरच अर्धा ठरायचा. कापड हाताने विणलेलं, सूत हाताने कातलेलं, इंच न् इंच कष्टाचा. अशा कापडात गोल भोक पाडायला हात धजणार कसा? अलीकडे फिनलंडचा टिमो रिसानेन, न्यूझीलंडची हॉली मॅकक्विलन यांच्यासारख्या फॅशन शिकवणाऱ्या मंडळींनी याच दिशेने पद्धतशीर काम केलं आहे. तुकड्यांच्या मधली जागा हाही बेताचाच भाग धरायचा, म्हणजे कापडभर सगळे तुकडे जिगसॉसारखे एकमेकांत बसले पाहिजेत. त्यांचे काही आकार भलतेच वळणदार असतात. माझी धाव सरळ रेषेपर्यंतच.

माझ्या कुर्त्याचा बेत सांगतो, कोणाला करून पाहायचा असेल तर. ४४ इंच पन्ह्याचं सुती कापड सव्वादोन मीटर आणायचं आणि आधी धुवायचं. ही पायरी गाळायची नाही. कोरं सूत पाण्यात आटतं, आणि या बेतात सगळी मापं एकमेकांना बांधलेली असल्यामुळे आटलेल्या कापडाला पळवाट नाही. धुऊन, इस्त्री करून लांबी चौऱ्याऐंशी इंच धरू. आता कापड उभं मधोमध कापून बावीस-बावीस इंचांच्या दोन पट्ट्या करायच्या. कापायच्या म्हणजे फाडायच्या. टोकाला छोटी चीर देऊन दोन्ही हातांनी ओढलं की साधं सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटत जातं, कात्रीने तेवढं सरळ मला अजून जमत नाही. फाडण्याचा आवाज आला की बायको दुसऱ्या खोलीतून "काय फाडलंत?" म्हणून विचारते, तेवढाच त्रास.

पहिली पट्टी दुमडली की पुढचा भाग आणि पाठ, बेचाळीस इंच उंचीची. खांद्याला शिवण नाही. दुसऱ्या पट्टीतून सोळा-सोळा इंचांचे दोन तुकडे बाह्यांचे. बावीस इंच ही बाहीची लांबी आणि सोळा इंच तिचा घेर. अंगाचा भागच बावीस इंच रुंद असल्यामुळे बाहीची शिवण खांद्यावरून खाली दंडावर उतरते, म्हणून बावीस इंचांत पूर्ण बाही होते. पट्टी उरली बावन्न इंच. त्यातली चौतीस इंच कळ्यांची: बावीस रुंदीचे दोन भाग, अकरा-अकराचे, प्रत्येकावर वर सांगितलेली तिरकी कात्री. चार कळ्या, दोन पुढे, दोन मागे. शिवणीतली माया (कडेला सोडलेलं जास्तीचं कापड) वजा केली तरी खालचा घेर सत्तर इंचांच्या वर जातो. चालताना, जिना चढताना पायात अडकत नाही, रिक्षात बसताना सावरावा लागत नाही. उरला अठरा बाय बावीसचा तुकडा. त्यातून दोन खिसे, काखेतले दोन चौकोन, गळ्याची आणि पुढच्या उघड्या भागाची पट्टी. तेवढ्यात तो संपतो. खिशाचा आकार मी आधी ठरवतच नाही, उरेल तेवढा खिसा.

गळा गोल कापायचा नाही. आधी आडवी चीर, तिच्या मधोमध खाली उभी चीर, आणि तिथे तयार झालेले दोन कोपरे आत दुमडून शिवून टाकायचे. गळा व्ही आकाराचा होतो आणि आतल्या बाजूला आपसूक पट्टीही मिळते. कळीची तिरकी कड उरेबात, म्हणजे धाग्यांना तिरकी, येते, ती ताणली जाते, लोंबते. म्हणून ती कड अंगाच्या सरळ कडेला जोडायची, उरेब आणि उरेब समोरासमोर आणायचे नाहीत, आणि खालची दुमड घालण्याआधी कुर्ता एक रात्र हँगरला टांगून ठेवायचा. जे लोंबायचं ते लोंबून घेतं. कापडाचा काठ जिथे मिळेल तिथे शिवणीच्या आत घ्यायचा, काठाचे धागे सुटत नाहीत, तेवढं इंटरलॉक (धागे सुटू नयेत म्हणून कडेला मारायची शिवण) वाचतं.

चौकडीचं किंवा एकाच दिशेने जाणाऱ्या फुलांचं कापड असेल तर हा बेत फसतो. उलटी कळी फिरवली की फुलं डोक्यावर उभी राहतात. बारीक ठिपके, साधा रंग, दोन्हीकडून सारखी दिसणारी छपाई, एवढंच याला चालतं. खादीच्या दुकानातल्या ३६ पन्ह्याला सगळं गणित पुन्हा मांडावं लागतं, ५८ पन्ह्याला आणखी वेगळं. आणि हे गणित एका मापाचंच. छाती अडतीसवरून चौरेचाळीस झाली की सगळे तुकडे एकमेकांना ढकलायला लागतात. कारखान्यांना हे परवडत नाही. त्यांना एकच डिझाइन स्मॉलपासून डबल एक्सेलपर्यंत न्यायचं असतं. त्यांची सोय वेगळी: मोठ्या मापाच्या तुकड्यांमधल्या फटीत छोट्या मापाचे तुकडे बसवतात, आम्ही दारांमधे ब्रॅकेट बसवायचो तसं. घरी ती सोय नाही, एका वेळी एकच कपडा. पण घरी अंगही एकच, आणि ते अंग समोर उभं असतं. बाही दोन इंच आखूड चालेल का, खिसा थोडा लांबट झाला तर चालेल का, असं त्याला विचारता येतं.

बायको या सगळ्याकडे बराच काळ कौतुकाने पाहत होती. मग तिने आपला ब्लाउज मास्टरांकडे टाकला. मी म्हटलं, "अगं, मी बघतो की."

"अहो, माझ्या ब्लाउजला तुमचा पत्र्याचा हिशेब लावू नका."

कटोरी ब्लाउज म्हणजे सगळा बाकांचा कारभार. ऐंशी सेंटिमीटरचा पीस, त्यात कटोऱ्या, पट्टा, पाठ, बाह्या, आणि टेबलावर मूठभर कोने-कोपरे. त्यातून उरेब पट्ट्या काढून पायपिंग करता येतं, नाडी करता येते, लटकनात थोडं भरता येतं, बाकी गोणीत. पूर्वीच्या खणाच्या चोळीला पुढे गाठ असायची. अंग बदललं की गाठ थोडी अलीकडे-पलीकडे. हुकांनी ती मोकळीक घेतली आणि बदल्यात फिटिंग दिलं. बायकोला फिटिंग हवं आहे, लग्नाकार्यात सगळ्याच बायकांना हवं असतं, आणि त्यात मला बोलण्यासारखं काही नाही. पैठणीवर पैरण घालून तर कोणी जाणार नाही.

तिचा दुसरा मुद्दा मात्र जिव्हारी लागला. कुर्ता घडी करता करता ती म्हणाली, "ह्याला सव्वादोन मीटर गेलं ना? मास्टर तुमचा कुर्ता दोन मीटरमध्ये शिवतात. कातरण धरून. मग वाचलं काय?"

हा प्रश्न झीरो वेस्टच्या उत्साही मंडळींना फारसा कोणी विचारत नाही, आणि विचारायला हवा. टेबलावर शून्य उरलं म्हणजे कापड कमी लागलं असं मुळीच नाही. जे जमिनीवर पडायचं ते अंगावर चढलं, घेर होऊन, लांब बाही होऊन. आमच्या धंद्यातही हे होतं. भंगार कमी दाखवायला कोणी डब्याची बाजू गरजेपेक्षा मोठी ठेवली, तर आकडा सुंदर दिसायचा आणि पत्रा मात्र जास्त जायचा. नुसतं भंगाराचं प्रमाण पाहणं ही अर्धीच वही. दुसरी अर्धी, एका नगाला एकूण माल किती लागला.

मी पुन्हा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. बाही पाऊण केली, उंची चार इंच कमी केली, कळी चिंचोळी केली. बेत दोन मीटरच्या आसपास आला. पण तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला कागदावर मिळालं नाही. ते मिळालं माझा एक जुना कुर्ता कॉलरपाशी विरला तेव्हा. तो मास्टरांनीच शिवलेला होता, फिटिंगचा. कोपऱ्यात बसून मी तो उसवला. मुंढ्याचे बाक, कमरेचे उतार, कॉलर, स्टँड, योक. सगळे तुकडे इस्त्री करून पसरले तर त्यातून उशीचा एक अभ्रासुद्धा सलग निघेना. त्याच सुमारास माझ्या पहिल्या कळीच्या कुर्त्यावर हळदीच्या फोडणीचा डाग पडला होता, तोही उसवून पाहिला. मधे गळ्याची चीर असलेला चौऱ्याऐंशी इंचांचा एक लांब सरळ तुकडा, बाह्यांचे दोन चौकोन, आणि चार कळ्या, ज्या पुन्हा उलट्यासुलट्या जोडल्या की परत सरळ पट्ट्या. कुर्ता मोडला आणि पुन्हा कापड झालं. डागाचा भाग आत घेऊन त्याचे दोन अभ्रे आणि नातीसाठी एक झबलं निघालं.

किमोनो धुवायचा तर पूर्वी तो अख्खा उसवत, तुकडे पुन्हा लांबीत जोडून त्याचा तागा करत, धुऊन-वाळवून परत शिवत, हे आधी वाचलं तेव्हा मला तो हौशी लोकांचा उद्योग वाटला होता. तसं नसावं. सरळ तुकडा कपड्यात असतानाही कापडच असतो, पुढच्या कामाला मोकळा. अपव्ययाचं खरं मोजमाप मला वाटतं इथे आहे: आज जमिनीवर किती पडलं यापेक्षा दहा वर्षांनी उसवल्यावर हातात किती सलग येईल. नऊवारी लुगडं विरलं की त्याचं दुपटं, दुपटं विरलं की गोधडीच्या पोटात, गोधडी विरली की पायपुसणं. ही साखळी चालायची कारण पहिल्या कडीत कोणी त्याला वाकडं कापलेलंच नसायचं. बोहारीणसुद्धा पातळाला जे भांडं द्यायची ते ब्लाउजला कधीच देत नसे. तिला हे गणित पक्कं ठाऊक होतं.

म्हणून आता मी शिवताना माया सढळ सोडतो. टीप लांब ठेवतो, म्हणजे उसवताना कापड चिरत नाही. तयार कपड्यांत शिवणीच्या अगदी कडेला इंटरलॉक मारून जास्तीचं छाटून टाकलेलं असतं. तो शर्ट सैल करायचा म्हटलं तर करायला जागाच नाही. आपण साठीत आलो की पोट पुढे येतं, बायपासनंतर आत जातं, हा अनुभव ज्याला आहे त्याला मायेची किंमत कळते. कळीच्या कुर्त्यात तर आणखी एक अरुंद पट्टी बाजूला घातली की माप वाढलं, बाहेरून कोणाला कळतही नाही.

मास्टरांना मी कुर्ता नेऊन दाखवला. त्यांनी तो उलटा केला, शिवणी मोजल्या, काखेतला चौकोन बोटाने चाचपला. "माझे वडील असं शिवायचे," म्हणाले. मग लगेच धंद्यावर आले. "साहेब, ह्यात जोड किती आहेत बघा. कळ्या चार, बगलेचे चौकोन दोन. माझा कारागीर पीसवर काम करतो. एवढ्या वेळात तो दोन कुर्ते काढेल. शिलाई दुप्पट सांगितली तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल." मी बरं म्हटलं. त्याला काही उत्तर नव्हतं. कापड स्वस्त झालं, भिवंडीच्या मागांवर आणि सुरतेत ते रात्रंदिवस निघतं, आणि माणसाचा तास महाग झाला. मास्टरांचा कारागीर वेळ वाचवण्यासाठी कापड खर्च करतो. मी निवृत्त आहे, मला उलटं परवडतं. ज्याला नोकरी, लोकल आणि लहान मुलं आहेत त्याने रात्री अकराला कळ्या जोडत बसावं असं मी कोणाला सांगणार नाही.

तरी एक गोष्ट कोणीही करू शकतं. दुकानात गेल्यावर भावाच्या आधी पन्हा विचारायचा. गोखले रोडवरच्या मॅचिंग सेंटरमध्ये मी तसा विचारतो तेव्हा पोऱ्या आधी माझ्याकडे आणि मग सोबत बाई कुठे दिसतेय का ते पाहतो. पन्हा कळला की किती लागेल ते आपण सांगायचं, त्याला ठरवू द्यायचं नाही. तो नेहमी पाव मीटर जास्तच सांगतो. आणि टेलरकडे टाकलं तर उरलेलं परत मागायचं. मागितलं की कटिंगच्या वेळी कात्री आपोआप जपून चालते, हे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिलं आहे.

सध्या लेंग्यावर अडलोय. पाय सरळ नळकांडी, तिथे काही प्रश्न नाही. प्रश्न आसनाचा, म्हणजे दोन पाय वर जिथे जुळतात तिथला. आजची पद्धत तिथे बाक देते आणि चार वाकडे तुकडे पाडते. मी सरळ पायांच्या मधे एक पतंगासारखा तुकडा घालून पाहतोय, सलवारीच्या जुन्या बेतावरून. बसायला, मांडी घालायला उत्तम आहे. उभं राहिल्यावर मात्र मागून थोडा झोळ दिसतो. बायकोने मागून पुढून दोनदा फिरवून पाहिलं आणि परवानगी दिली, पण लेंगा घालून गच्चीच्या पलीकडे जायचं नाही या अटीवर.